गोषातली कुत्री

आमच्या वडिलांना दोन मुलीच झाल्या, त्यामुळं त्यांना जन्मात कधी वरपक्ष होता आलं नाही. एरवी माणूस साधासुधा नव्हता. पलटणीत सुभेदार होते, आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आले होते, आणि त्यांनी अंगणातून हाक मारली की चार घरं पलीकडच्या म्हशी कान टवकारायच्या. पण थोरल्या मुलीच्या, म्हणजे माझ्या आक्काच्या लग्नात हाच माणूस मांडवाच्या दारात कमरेत वाकून उभा होता, आणि मिसरूड न फुटलेला एक वऱ्हाडी पोरगा पान उशिरा वाढलं म्हणून त्यांना झापत होता. "व्हय जी, चुकलं जी," एवढंच वडील म्हणत होते. मी लहान होते, पण सुभेदाराचा आवाज कुठं गेला हे मला कळेना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पोरीचा बाप हाय त्यो. गप बस."

आक्का तासगावला तीन वर्षं नांदली. सासर हळदीच्या व्यापारातलं, घर भरलेलं. मग एक दिवस तिचा दीर तिला आणून सोडून गेला. चार दिवस माहेरी राहू दे, हवापालट होईल, असं म्हणाला. ते चार दिवस काही संपेनात. सण आले आणि गेले, न्यायला कुणी आलं नाही. कारण कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं: तीन वर्षांत पाळणा हलला नव्हता.

आक्काचं मागणं एकच होतं, आणि ते ती रडून नव्हे, सरळ मागायची. "आबा, एकडाव तासगावला जाऊन इचारा. माजं काय चुकलं त्ये तुमच्या तोंडावर सांगू द्या त्यास्नी. नांदवायची नसंल तर तसं सांगू द्या. म्हंजे मी माजं बगाय मोकळी."

वडील सुट्टीवर आलेले असायचे, ते भिंतीकडं बघायचे. "पोरीच्या बापाला त्वांड नसतंय," म्हणायचे आणि उठून गोठ्यात जायचे.

लढाई संपली आणि वडील पेन्शन घेऊन कायमचे घरी आले. आमचं गाव रहिमतपूरच्या जवळ. उसाची जमीन वाटेकऱ्याकडं होती, त्यामुळं वडिलांना काम असं नव्हतं. सकाळी उठून अंगणात एकट्यानं परेड करायची, मग कोंबड्यांना शिस्त लावायची, आणि दुपारपर्यंत आईच्या नाकी नऊ आणायचे, असा त्यांचा दिवस जायचा. अशात त्यांच्या मनानं घेतलं की आपण अल्सेशियन कुत्रं पाळायचं. पलटणीत कर्नलसाहेबाकडं तसलं होतं. साहेबाला दिवसातून जेवढे सॅलूट बसत, त्यातले निम्मे ते कुत्रं आपल्यालाच आहेत असं समजून घेत असे, असं वडील मोठ्या कौतुकानं सांगत.

आई म्हणाली, "आवं, दोन कुत्री हायती की दारात."

"ती निस्ती कुत्री हायती."

"आन् ही कोन असंल?"

"ही खानदानी असंल," वडील म्हणाले. "हिला आजा-पणजा असत्यात."

आईनं दारातल्या दोन कुत्र्यांकडं पाहिलं. त्यांनाही आजा-पणजा असणारच, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

कुत्रा नको, कुत्रीच आणायची, असं ठरलं. कुत्रीला पिलं होतील आणि ती मोठमोठे लोक मागून नेतील, हा एक हिशेब होता. पण त्याहून मोठी गोष्ट वडिलांच्या ध्यानात मागाहून आली, आणि ती आली तेव्हा ते जेवता जेवता थांबले. कुत्री आणायची म्हणजे देणारा दुसरा आणि घेणारे आपण. म्हणजे आपण वरपक्ष! हे मी पदरचं सांगत नाही. त्यांनी आईला तोंडानं सांगितलं, "औंदा मी बगाय जानार. वाकायचं ते समुरच्यानं." त्या दिवसापासून त्यांच्या मिशीला वेगळाच पीळ पडला. मी रहिमतपूरच्या शाळेत इंग्रजी शिकत होते, म्हणून कागदपत्र वाचायला त्यांनी मला बरोबर घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा आम्ही साताऱ्याला गेलो. तिथं कँपात एक ख्रिस्ती बाई राहायच्या. दवाखान्यात नर्स होत्या, आता घरी बसून अल्सेशियन पाळायच्या, आणि वर्षा-दोन वर्षांतून एखादं वेत झालं की पारखून द्यायच्या. वडील फेटा बांधून, छाती काढून गेले. बाईंनी आम्हाला आधी बादलीवर हात धुवायला लावले. मग पिलं दाखवायच्या ऐवजी पिलांची आई दाखवली. तिला दोर लावून अंगणात चालवली, पळवली, परत आणली. मग तिचीही आई आणली, म्हातारी, तोंड पांढरं झालेली. तीही ताठ चालत होती. "आधी आई बघा, मग पोर," बाई म्हणाल्या. वडिलांना हे बरं वाटलं. मुलगी बघायला गेल्यावर इतकी सरबराई होणारच, अशा नजरेनं ते बघत होते.

मग बाईंनी चहा दिला आणि त्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "आता तुम्ही सांगा," म्हणाल्या. "घरात दिवसभर कोण असतं? उन्हाळ्यात हिला कुठं ठेवणार? आजारी पडली तर कोण बसणार तिच्याजवळ? पिलं झाली नाहीत तर काय कराल? नको झाली तर कुणाला देऊन टाकाल?"

वडिलांनी कपबशी खाली ठेवली. ते म्हणाले, "बाई, मी सुबेदार हाय."

"ते कळलं. घरच्या बाईंना विचारलंत का, कुत्री आणू म्हणून?"

"आमच्यात बायकास्नी इचारून काय करत न्हाईत."

"मग त्यांना घेऊन या," बाई म्हणाल्या. "करणार त्या आहेत, तर मी त्यांच्याच हातात देईन. तुमच्या नाही."

वडील चहा तसाच टाकून उठले. रस्त्याला लागल्यावर त्यांना वाचा फुटली. देणारी बाई आणि तिनं घेणाऱ्याला उलटं विचारायचं? वरपक्षाला? नको झाली तर काय कराल म्हणजे काय, ही काय बोलायची रीत झाली? सातारा रोड स्टेशनापर्यंत हेच चाललं होतं. मला मात्र ते प्रश्न फार आवडले. आक्काच्या लग्नाची बोलणी आठवून पाहिली तर दागिने, मानपान, वऱ्हाडाची माणसं किती, हे सगळं आठवलं; पिलं झाली नाहीत तर काय कराल, असं तासगावच्या कुणाला कुणी विचारल्याचं आठवेना. तसं मी बोलून दाखवलं. वडील म्हणाले, "कुत्र्याचं आन् मान्साचं येक करू नगं."

मग सांगली निघाली. तिथं एक रावसाहेब होते. ठेकेदारी करायचे, बंगला बांधला होता, आणि संस्थानातल्या कुणा मोठ्या माणसाचे आपण मेहुणे लागतो, हे ते बोलण्याच्या पहिल्याच झटक्यात सांगून टाकायचे. त्यांची कुत्री सांगली, मिरज, पार कोल्हापूरपर्यंत गेलेली होती. त्यांनी आम्हाला स्टेशनावर टांगा पाठवला. पायावर पाणी घालायला गडी उभा. आत गेल्यावर गुलाबपाणी, अत्तर, विडा, आणि वडिलांच्या डोक्याला बांधायला नवा कोरा फेटा. "सुभेदारसाहेब, तुमचे पाय आमच्या घराला लागले," असं म्हणून रावसाहेब कमरेत वाकले. वडिलांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. आफ्रिकेतून परत आले तेव्हाही ते इतके सुखी दिसले नव्हते.

मटणाचं जेवण झालं. मग भिंतीवरची चौकट काढून आणली. तिच्यात इंग्रजी कागद होता, सोनेरी अक्षरांचा, त्यात पिलाच्या बापाची, आज्याची, पणज्याची नावं. मी एकेक वाचत गेले आणि वडील प्रत्येक नावाला मान डोलवत गेले, जणू त्या पणज्याबरोबर त्यांची उठबस होती. त्या नावांतलं मला काही कळलं नाही आणि त्यांनाही नाही. पण रावसाहेबांचं स्वतःचं कूळ कोणतं, देवक कोणतं, बहीण कुठं दिली, मामा कोण, हे वडिलांनी खोदून खोदून विचारलं. ते सगळं अगदी बिनतोड निघालं. ज्या घरात आपल्याला मुलगी देता येईल, त्या घरातलं कुत्रं वाईट कसं असेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

शेवटी एका गादीवरून पिलू आणलं. गळ्यात लाल फीत, कान मोठे, पाय जाडजूड. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण साताऱ्याच्या बाईंचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "हिची आई कुठाय?"

रावसाहेबांनी पिलाच्या गळ्यातली फीत सारखी केली. मग रावसाहेब मोठ्यानं हसले. "ताईसाहेब, आमच्या घराण्यात गोषा पाळतात. परक्या पाव्हण्यासमोर बायका येत नाहीत. अहो, आमच्या कुत्र्यासुद्धा येत नाहीत!"

आमच्याकडच्या मोठ्या घराण्यांत बायका पडद्याआड, गोषात राहायच्या, आणि जेवढा गोषा कडक तेवढं घराणं वरचं, असं मानायची रीत होती. आमची आई शेतावर जायची, त्यामुळं त्या रीतीत आम्ही थोडे कमी पडायचो आणि वडिलांना ते आत कुठंतरी सलायचं. रावसाहेबांचं बोलणं थट्टेचं होतं की लबाडीचं, याचा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ते विरघळलेच. "वा!" म्हणाले. "ह्येला म्हंत्यात घरानं!"

परतीच्या गाडीत पिलाला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागलं, तसा रेल्वेचा नियम होता. वडील प्रत्येक स्टेशनावर उतरून सूनबाईंची खुशाली विचारून यायचे आणि आल्यावर मला म्हणायचे, "बगितलंस? कुत्री सुदिक गोषात!" मिरजेपासून रहिमतपूरपर्यंत डब्यात जो जो भेटला त्याला ही हकिकत सांगून झाली. पुढं गावात पारावर, न्हाव्याकडं, तालुक्याच्या कचेरीतसुद्धा सांगून झाली. पिलाची आई बघायला मिळाली नाही, याचा इतका अभिमान धरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

घरी आल्यावर वडिलांचा हुकूम झाला, सुनेचं करतात तसं सगळं करायचं. आईनं कपाळावर हात मारला, पण भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. पिलानं ते ओलांडलं नाही. हुंगलं, थोडं खाल्लं, आणि उरलेल्यावर मुतलं. आक्का आत, दाराच्या मागं उभी होती. सासरहून परत आलेल्या बाईनं असल्या शुभकार्यात पुढं यायचं नसतं, म्हणून तिला आईनंच मागं थांबवलं होतं. ती मापाकडं बघून खुदकन हसली आणि मग तिला हसू आवरेना. घरात सून येताना दाराआड उभी राहिलेली माझी बहीण कुत्रीला हसत होती, आणि मला तिच्यासाठी गलबलून आलं.

कुत्रीचं नाव वडिलांनी त्या कर्नलच्या मडमेचं ठेवलं. ते गावात कुणाला नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळे तिला सुभेदाराची सूनच म्हणायचे. तिचा थाट विचारू नका. सकाळी दुधात अंडं, दुपारी मटणाचा रस्सा, उन्हाळ्यात निजायला ओलं गोणपाट. लढाई संपली तरी साखर रेशनवरच होती. घरातली माणसं गुळाचा चहा पीत होती आणि कुत्री तोंड वळवून दूध शिळं असल्याचं सुचवत होती. आलेल्या पाहुण्याला वडील आधी कुत्रीचे पणजोबा सांगत, मग पाणी विचारत. रोज सकाळी तिची परेड व्हायची. "सिट!" "हाल्ट!" "अबाऊट टर्न!" ती शांतपणे वडिलांकडं बघत बसायची. मग ओसरीवरून आक्का हळूच म्हणायची, "ये गं बाई," की लगेच उठून तिच्याकडं जायची. वडिलांचं म्हणणं पडलं की हे खानदानी लक्षण आहे, ती पुरुषमाणसाचं ऐकत नाही कारण तिला भीड वाटते.

पाचसहा महिन्यांची झाली आणि तिची चाल बिघडली. मागचे पाय एकत्र उचलायची, सशासारखे. मग कंबर झुलायला लागली. बसली की उठताना पुढच्या पायांवर सगळा भार घेऊन स्वतःला ओढायची. पारावरचे लोक म्हणायचे, "सुबेदार, सून लय नखऱ्यात चालाय लागलीया." वडिलांनी ठरवलं की ही आळशी झाली, आणि परेड वाढवली. त्यानं ती आणखी बसली. मग आक्कानं परेड बंद पाडली. ती कुत्रीला मांडीवर घेऊन करडईचं तेल चोळायची, विटेच्या तुकड्यानं शेकायची. आई म्हणायची, माणसाचं करावं तसं करतेस. आक्का म्हणायची, "दुसरं कोन करनार हाय तिचं?"

शेवटी साताऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी कुत्रीला आडवी करून मागचे पाय हलवून बघितले. खुब्याचा सांधाच जन्मतः सैल आहे, म्हणाले. हे रक्तातून येतं, ती कधी धड पळणार नाही, तिला पिलं होऊ देऊ नका. मग विचारलं, "घेताना हिची आई चालवून बघितली होती का?"

वडील खिडकीबाहेर बघू लागले. तिकडंच बघत म्हणाले, "गोषात हुती."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

त्यानंतर घरात जो भडका उडाला तो चार दिवस विझला नाही. फसवणूक केली! दोष लपवून गळ्यात मारली! अशी कुत्री परत नेऊन त्या रावसाहेबाच्या तोंडावर मारीन, नाही तर मिशी ठेवणार नाही! वडिलांनी पेटीतून गणवेश काढला, पितळी बटणं घासली, पदकं लावली. मला पुन्हा बरोबर घेतलं, साक्षीला. आक्का म्हणाली, "कुत्री धराय मी येती. ती तुमचं आयकत न्हाई." हे खरंच होतं, त्यामुळं वडिलांना नाही म्हणता आलं नाही. दोर हातात घेताना ती पुढं म्हणाली, "आन् आबा, सांगलीस्नं तासगाव जवळच हाय."

"ते येगळं, ह्ये येगळं."

"काय येगळं हाय त्यात?"

"हितं मी घेनारा हाय," वडील म्हणाले. म्हणजे तिथं ते देणारे होते, आणि देणाऱ्यानं बोलायचं नसतं. यापेक्षा जास्त खुलासा त्यांच्यापाशी नव्हता.

सांगलीत या वेळी टांगा आला नव्हता. आम्ही बंगल्यावर पोचलो तर दिवाणखान्यात दुसरेच एक गृहस्थ नवा फेटा बांधून, अंगावर गुलाबपाणी घेऊन बसले होते आणि रावसाहेब त्यांच्यासमोर कमरेत वाकले होते. वडिलांना बघून ते सरळ झाले. वडील थांबले नाहीत. "कुटं हाय तुमची गोषातली?" म्हणत सरळ आतून मागच्या परसात गेले, त्यांच्यामागं रावसाहेब, त्यांच्यामागं ते नवे पाहुणे, आणि शेवटी आम्ही.

परसात पत्र्याची एक छपरी होती. तिच्यात ती कुत्री होती. अंगावर हाडं मोजून घ्यावीत अशी, मागचा निम्मा देह जमिनीला लागलेला, आणि पोटाशी नवं वेत लुचत होतं. आम्हाला बघून ती उठायला गेली, पुढच्या पायांवर थोडी आली आणि पडली. ती अगदी आमच्या कुत्रीसारखीच अंग ओढत होती. आक्का खाली बसली आणि तिनं त्या कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. मला तिथं इतकी शरम वाटली की काय सांगू. ही बाई सबंध जन्म इथं पडून पिलं घालत होती, आणि तिच्या न दिसण्याचं कौतुक आम्ही मिरज ते रहिमतपूर वाटत गेलो होतो.

मग वडिलांचा आवाज फुटला. तसा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. शेजारच्या बंगल्यांच्या खिडक्या उघडल्या. "दोष तुमच्या घरात, आन् झाकून दुसऱ्याच्या पदरात टाकता? वर अत्तर लावता? जितं जागतं जनावर हाय ह्ये! त्याला तोंडानं सांगता येत न्हाई म्हून काय बी कराल व्हय? कोन इचारनार न्हाई असं वाटलं तुमास्नी? मी इचारतुया! द्या जबाब!"

नव्या पाहुण्यांनी हळूच फेटा उतरवला, कठड्यावर ठेवला आणि ते चालते झाले. रावसाहेब कसेबसे म्हणाले, "सुभेदारसाहेब, एवढं मनाला नका लावून घेऊ. ती ठेवून जा, गोळी घालून टाकू. दुसरं पिलू घेऊन जा."

"गोळी?" वडील म्हणाले. "माज्या घरची सून हाय ती!"

आणि तसेच वळून, टाचा आपटत फाटकाबाहेर पडले. मला अभिमानानं भरून आलं. हा माणूस माझा बाप आहे, असं सांगलीच्या त्या रस्त्यावर ओरडून सांगावंसं वाटलं.

आक्का दोर धरून मागून आली. ती त्यांच्याकडं नुसती बघत होती. मग म्हणाली, "आबा, ह्यो आवाज तुमच्यात हुता?"

"म्हंजे? पलटनीत सारं मैदान हालायचं."

"मंग तासगावला घिऊन चला त्यो," आक्का म्हणाली, आणि कुत्रीला घेऊन मोटारीच्या अड्ड्याकडं चालायला लागली. भर रस्त्यात लेकीला ओरडून थांबवणं वडिलांना जमलं नाही. ते तिच्या मागं निघाले.

तासगावची मोटार धुरळा उडवत चालली होती. क्लीनर कुत्रीला टपावर टाकूया म्हणाला, आक्कानं तिला पायाशी घेतली. वडील समोरच्या बाकावर बसले होते. गाव जवळ आलं तसा त्यांचा हात छातीशी गेला. त्यांनी एक पदक काढून खिशात टाकलं, मग दुसरं, मग उरलेली सगळी. उतरलो तेव्हा ते एक साधे म्हातारे गृहस्थ होते, खाकी कपड्यांतले.

सासरच्या ओसरीवर हळदीची पोती रचलेली होती. आक्काची सासू पोत्यांना टेकून बसली होती. तिनं आम्हाला ओळखलं, कुत्रीकडं बघितलं, आणि "या पाव्हनं," एवढंच म्हणाली. घोंगडं अंथरलेलं होतं, वडील त्याच्या अगदी कडेला बसले. आक्का अंगणात उभीच राहिली.

आतून एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याहून फार मोठी नसेल. कोपरापर्यंत हिरवा चुडा, कोरी जोडवी, नाकात आक्काच्या लग्नातली नथ. कोण पाहुणे आलेत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं रीतीप्रमाणं तांब्या ठेवला आणि वाकून वडिलांच्या पाया पडली.

"आमची सून," सासू म्हणाली. "ल्येकाला दुसरी केली."

वडिलांनी तांब्या उचलला. पाणी प्यायले, सगळं. मिशी पुसली. मी त्यांच्याकडं बघत होते, आता तो आवाज येईल, आता येईल. त्यांनी पोत्यांकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "औंदा हळदीला भाव काय लागला?"

"बरा लागला की," सासू म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. इतका राग मला वडिलांचा त्याआधी कधी आला नव्हता, आणि त्यांच्यावर नंतर कितीही माया केली तरी तो सगळा गेला असं मी म्हणणार नाही.

"आबा, उठा."

आवाज अंगणातून आला होता. आक्का मोठ्यानं ओरडली नव्हती, पण रस्त्यानं जाणारी दोन माणसं जागच्या जागी थांबली. वडील ताडकन उभे राहिले, टाचा जुळवून, हात मांड्यांशी. असं उभं राहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, शरीरच उठलं.

आक्का ओसरी चढली. तिनं कुत्रीचा दोर वडिलांच्या हातात दिला. त्या हिरव्या चुड्याच्या पोरीला, "बाजूला हो गं बाई," म्हणाली, आणि आपली लग्नातली ट्रंक आणायला आत गेली. आत जाताना तिनं सासूकडं बघितलं नाही, की कुणाला विचारलं नाही.